मी ढोलक वाजवतो

आमच्या शाळेत ढोलक एकच आहे आणि ती संगीताच्या कपाटात असते. 'तो असतो' असंही काही जण म्हणतील. थांबा, त्या भांडणाकडे मी येणारच आहे. सध्या एवढंच लक्षात ठेवा की कपाटाची किल्ली मुख्याध्यापक ईश्वरदास सरांकडे असते, ढोलक आमच्या वर्गातल्या ओमेशकडे असते आणि आम्हा मुलींकडे स्वागतगीत असतं.

पाहुणा कोणीही असो, आम्ही सात जणी ओळीत उभ्या राहून त्याचं स्वागत करतो. एकदा तर पंखे दुरुस्त करायला आलेल्या माणसाचं स्वागत झालं, कारण त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. बिचारा स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तीन कडवी उभा होता. ओमेश मागे बसून ढोलक बडवत होता. त्याला एकच ठेका येतो, आणि तो राष्ट्रगीत सोडून सगळ्याला लावतो.

आता कोणी म्हणेल, तुला कायले एवढं? तर मला ढोलक येते, म्हणून. आमच्या शेजारच्या जमुनाकाकूच्या ओसरीवर दर गुरुवारी महिला भजन मंडळ बसतं. मंडळात चौदा बाया आहेत आणि ढोलक वाजवायला बकाराममामा आहे. महिला मंडळात मामा काऊन, असं आजपर्यंत कोणी विचारलं नाही. मामा उन्हाळाभर वरातीत वाजवतो आणि उरलेलं वर्ष भजनात, त्यामुळे त्याचं भजनही जरा वरातीच्या अंगानं जातं. दर दोन भजनांनंतर तो खर्रा घोटायला चौकात जातो. जाऊन येईपर्यंत पंधरा मिनिटं ढोलक ओसरीवर एकटी पडलेली असते. माझं संपूर्ण संगीत शिक्षण बकाराममामाच्या खर्र्यावर उभं आहे. तंबाखू वाईटच, मी निबंधातही तसंच लिहिते, पण उपकार विसरता येत नाहीत.

तर नववीच्या दिवाळीनंतर आमच्या शाळेत टीना मॅडम आल्या. गोंदियाच्या, बी.एड. करणाऱ्या, सरावासाठी एक महिना. त्यांना कॉलेजात एक संशोधन करून द्यायचं होतं. विषय होता: 'लोकप्रिय संगीत आणि लिंगभाव: शालेय संगीत शिक्षणाचा अभ्यास'. हे नाव ऐकल्याबरोबर मी ते पाठ केलं. जेवताना म्हणायची, सायकलवर म्हणायची. मॅडमनी अर्थ सांगितला तो असा की शाळेत कोणती गाणी चालतात, मुलं काय वाजवतात, मुली काय वाजवतात, आणि हे कोणी ठरवलं, ते शोधायचं.

"मॅडम, हे मले आधीच माहीत आहे," मी म्हटलं.

"माहीत असून चलता नहीं ना दुर्गा," मॅडम म्हणाल्या. "आकडे पाहिजे."

आकडे गोळा व्हायच्या आत मॅडमचा महिना संपला. जाताना त्यांनी साठ फॉर्मचं काम मला दिलं आणि म्हणाल्या, "आजपासून तू माझी सहसंशोधक." माझं नाव दुर्गेश्वरी टेकचंद कापगते. त्याच्यापुढे 'सहसंशोधक' लावून मी वहीच्या मागच्या पानावर अकरा वेळा लिहून पाहिलं. चांगलं दिसतं.

फॉर्म छापायला गावातल्या ऑनलाईन सेंटरात गेले. तिथं टिंकूदादा असतो. मला हवे होते दोन रकाने: 'वाद्य' आणि 'लिंगभाव'. टिंकूदादानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे जोडून आहे का वेगवेगळं?"

मी घाईत होते. म्हटलं, "जसं बसते तसं बसव ना दादा."

त्यानं बसवलं. साठ फॉर्म छापून झाल्यावर दिसलं की रकाने तीन झाले आहेत: वाद्य, लिंग, भाव.

पुन्हा छापायला टिंकूदादा तयार नव्हता. मीच मनाशी म्हटलं, लोक समजून घेतील.

लोकांनी समजून घेतलं. नववी 'ब'नं तर फारच समजून घेतलं, कारण त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला लिंग-वचन झालं होतं. ढोल: पुल्लिंग. बासरी: स्त्रीलिंग. तबला: पुल्लिंग. पेटी: स्त्रीलिंग. एकानं 'डीजे'पुढे नपुंसकलिंग लिहून कंसात 'कारण ते यंत्र आहे' असं कारणही दिलं. 'भाव' रकान्यात कोणी 'भक्तिभाव' लिहिलं, कोणी पेटीची किंमत लिहिली, आणि ओमेशनं लिहिलं, 'विकायची नाही'.

घरीही तोच प्रकार. माझ्या बाबांचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांपुढे 'पोरगी लिंगभावावर संशोधन करते' म्हणायला त्यांची जीभ उचलेना. म्हणून त्यांनी पुढचा अर्धा शब्द तोडला आणि सांगायला सुरुवात केली, "पोरगी भावावर संशोधन करून राहिली." झालं! दोन दिवसांत धानवाले शेतकरी मला रस्त्यात थांबवायला लागले. "का वं पोरी, यंदा भाव वाढते का?" मी लिंगभाव समजावून सांगायला गेले, तर एक आजोबा म्हणाले, "मोठ्या धानाचा सांग, बारीक धानाचा सांग, हा कोणता धान काढला मधातच?"

आणि ढोलक. साठ फॉर्मांत सगळ्यात मोठा गोंधळ तिचा होता. निम्मे म्हणत होते तो ढोलक, निम्मे ती ढोलक. मी जाणकारांचं मत घ्यायचं ठरवलं आणि गुरुवारी फॉर्म घेऊन जमुनाकाकूच्या ओसरीवर बसले.

"ती होय," बकाराममामा म्हणाला. "नाजूक काम आहे. जरा हवा लागली का रुसते."

"तो होय!" जमुनाकाकू म्हणाली. "पोट पाह्य ना केवढं सुटलं त्याचं. आतमधी रिकामा, अन् आवाज गावभर. माणूसच होय."

चौदा बाया हसल्या. मामा खर्रा घोटायला लवकर गेला.

"मग काकू, मंडळात बाईच काऊन नाही वाजवत?" मी विचारलं.

काकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आता बकाराम आहे ना," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बकाराम आहे म्हणून." तिसऱ्यांदा तिनं ढोलकच माझ्याकडे सरकवली.

फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता: 'आपल्या शाळेतील मुली कोणते वाद्य वाजवतात?' त्यात रकाने नव्हते, त्यामुळे चूक व्हायला वाव नव्हता. साठपैकी सत्तावन्न जणांनी एकच उत्तर दिलं होतं. टाळ्या.

टीना मॅडमना फोन केला. लिंग आणि भाव ऐकून त्या खूप हसल्या. टाळ्यांचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "हे चांगलं आहे. मतलब, वाईट आहे. पण चांगलं आहे. आता मला एक केस पाहिजे. शाळेत वाद्य वाजवणारी एक तरी मुलगी."

"आहे ना मॅडम. मी."

"शाळेत वाजवते का?"

शाळेत मी त्या ढोलकला एकदाच हात लावला होता, कपाट पुसताना. फोन ठेवला आणि ठरवलं. महिन्यानं तालुक्याला समूहगीत स्पर्धा होती. आमच्या शाळेची ढोलक मी वाजवणार. संशोधनासाठी वगैरे म्हणत होते मी सगळ्यांना, पण खरं सांगायचं तर मला त्या सात जणींच्या ओळीतून बाहेर येऊन बसायचं होतं. उभं राहून राहून पाय दुखले होते.

ईश्वरदास सर वाईट नाहीत. फक्त ते व्याकरण शिकवतात, आणि जगही तसंच चालावं असं त्यांना वाटतं. त्यांनी स्पर्धा समितीचं पत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं.

"वाच."

"गायन: विद्यार्थिनी सात. साथसंगत: वादक विद्यार्थी एक."

"विद्यार्थी. लिंग ओळख."

"पुल्लिंग. पण सर, विद्यार्थी म्हटलं का त्याच्यात सगळेच येतात ना?"

"मग वरती विद्यार्थिनी का लिहिलं? समितीनं शब्द विचार करून वापरलेले आहेत."

"सर, पण ढोलक तर स्त्रीलिंगी आहे ना? माझ्या संशोधनात निघालं."

सरांनी कपाटातून शब्दकोश काढला, बराच वेळ पाहिला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "अर्ज कर. समितीकडे मार्गदर्शन मागवू. त्यांनी परवानगी दिली तर मला हरकत नाही."

ओमेशला मी अगोदरच विचारून ठेवलं होतं. "घेऊन टाक बाप्पा," तो म्हणाला. "मले तं कंटाळा आला. पण सरायले सांगू नको मी असं म्हणलो म्हणून. इज्जत जाते."

अर्ज मी मधल्या सुटीत लिहिला. इथं मला आमच्या बोलीबद्दल थोडं गंभीरपणे सांगावं लागेल. हे सगळं लिहिताना मी 'जाते, येते' लिहिते आहे, कारण सरांचा लाल पेन डोळ्यांपुढे आहे. पण बोलताना आमच्याकडे बाई असो की माणूस, सगळे 'जातो, येतो'च म्हणतात. आई म्हणते, "मी भात मांडतो." जमुनाकाकू म्हणते, "मी बाजारात जातो." कोणाचं काही अडत नाही. तर मधली सुटी, एका हातात डबा, ऑफिसातला बाबू खिडकी बंद करायच्या बेतात. अशा परिस्थितीत माणूस, म्हणजे बाई, घरच्या भाषेत लिहून जाते. मी लिहिलं: 'महोदय, मी तीन वर्षांपासून ढोलक वाजवतो. तरी मला साथसंगत करण्याची परवानगी द्यावी.' खाली नाव: कु. डी. टी. कापगते. पूर्ण नाव रेषेवर मावत नव्हतं.

सर त्या दिवशी सभेला गेले होते. सकाळीच बाबूसाठी एका कोऱ्या कागदावर सही करून ठेवली होती. बाबूनं वर 'योग्य कार्यवाहीस्तव सादर' टाइप केलं, अर्ज जोडला आणि पाठवून दिलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. सरांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर पत्र होतं आणि चेहऱ्यावर षष्ठी विभक्ती चुकल्यावर येतो तसा भाव.

"'आपल्या शाळेतील वादक विद्यार्थी कुमार डी. टी. कापगते यास साथसंगत करण्यास मान्यता देण्यात येत आहे.'" सरांनी चष्मा काढला. "हा कुमार कोण?"

"मी, सर."

"तू कुमार आहेस?"

"सर, कु. म्हणजे कुमारी. मी कुमारी लिहिलं होतं."

"मग त्यांनी कुमार का वाचलं?" त्यांनी अर्जाची प्रत काढली आणि वाचताना त्यांचं बोट थांबलं. "वाजवतो? दुर्गेश्वरी, वाजवतो? नऊ वर्षं शिकवलं काय तुम्हाला?"

"सर, घरी सगळे तसंच म्हणतात."

"घरी माझी सही नसते!" सर म्हणाले, आणि तिथंच त्यांना त्यांची सही दिसली.

मग जे झालं ते मला फार आवडतं. सर पाच मिनिटं खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मोठ्यानं विचार करत राहिले. समितीला कळवावं की हा कुमार नसून कुमारी आहे, तर आपण न वाचता सही केली हे उघड होतं. ओमेशला पाठवावं, तर मंजूर झालेला कुमार कापगते का आला नाही, याचा लेखी खुलासा द्यावा लागतो. कुमार कापगते आजारी पडला म्हणावं, तर तो हजेरीपटावर पाहिजे. सरांनी खरंच हजेरीपट मागवला. पूर्ण शाळेत डी. टी. कापगते एकच निघाली.

"पत्राप्रमाणे कापगते जाईल," सर शेवटी म्हणाले. "पत्रात नाव आहे. तिथं कोणी विचारलं तर मी बोलेन. तू बोलू नको. तू बोललीस की क्रियापद चुकतं."

त्यांनी किल्ली काढली. कपाट उघडलं. मी ढोलक उचलली तर ती वाटली त्यापेक्षा जड होती आणि तिच्या आत काहीतरी खुळखुळत होतं. ओमेशच्या काळातलं एक बोर निघालं.

स्पर्धेसाठी सरांनी स्वतः गीत लिहिलं होतं, हात धुण्यावर. 'धुवा गं धुवा गं, साबणानं हात धुवा गं.' चालही त्यांचीच. शास्त्रीय आहे म्हणायचे, राग विचारला की विषय बदलायचे. ओळीत माझ्या जागी आठवीतली एक मुलगी आली आणि तालमीत मी जपून वाजवलं. सर दारात उभे असायचे आणि त्यांच्यासमोर माझे हात मुलीसारखे वागायचे.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बाबांनी दुकानातला पाना पिशवीत टाकला. "नट ढिले झाले तं कसून घेजो," म्हणाले. मग रस्त्यापर्यंत आले आणि बसची वाट पाहणाऱ्या एका गिऱ्हाइकाला, कोणी काही विचारलं नसताना, सांगून टाकलं, "पोरगी ढोलक वाजवते. तालुक्याले चालली." भाव नाही, काही नाही. पूर्ण शब्द.

त्या दिवशी एवढं धुकं होतं की बस आवाजावरून ओळखावी लागली. बसमध्ये बसल्यावर ढोलकवर थाप मारून पाहिली तर 'भद्द' असा आवाज आला. कातडं गारठून सैल पडलं होतं. अशा वेळी मुलं ती उन्हात ठेवतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण बकाराममामाची ढोलक मला नेहमी तापलेलीच मिळाली. ऊन तर नव्हतंच. मी ड्रायव्हरकाकांना विनवून ढोलक त्यांच्या बाजूच्या गरम बॉनेटवर ठेवली.

"काय आहे यात?" काका म्हणाले.

"थंडी वाजली तिले."

तासाभरात ती तापली. बसस्टँडवर मी पुन्हा थाप मारली, अजून थोडी कमी वाटली, म्हणून बाबांच्या पान्यानं सगळे नट कसले. मग ओमेशही एक एक आटा कसून गेला, मला न विचारता, मदत म्हणून. (तो 'सामान सांभाळायला' आला होता. पत्रकात त्याला शब्दच नव्हता.) ढोलक आता अशी वाजायला लागली की बसस्टँडवरची दोन कुत्री उठून बसली.

आमचा नंबर सहावा. मंचावर मी मांडी घालून बसले, ढोलक पुढ्यात. निवेदक म्हणाले, "साथसंगत, कुमार डी. टी. कापगते," आणि माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. खाली पहिल्या रांगेत ईश्वरदास सर अर्धे उभे राहिले, बोलण्यासाठी. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मला कळलं की सर जे काही बोलतील ते व्याकरणशुद्ध असेल आणि त्याला फार वेळ लागेल. म्हणून मी थाप मारली.

एवढी चढी ढोलक त्या हॉलनं ऐकली नसावी. आमच्या सात जणींनी नेहमीपेक्षा बरंच वरून सुरुवात केली आणि मग खाली यायला जागाच उरली नाही. जपून वाजवायचं मी विसरून गेले. हातांना एकच शिक्षण होतं, ते त्यांनी बाहेर काढलं: बकाराममामाचा ठेका, वरातीचा. आणि त्या ठेक्यावर सरांची शास्त्रीय चाल बसल्याबरोबर सगळ्या हॉलला एकदम ओळखू आलं की ही चाल कोणती. दर लग्नात नवरदेवाच्या घोड्यापुढे डीजेवर वाजते ती! माझ्या जपून वाजवण्यात ती इतके दिवस लपून होती. मागच्या रांगेतली मुलं उठून नाचायला लागली. एक परीक्षक खुर्चीवर बसल्या बसल्या खांदे हलवत होत्या. 'साबणानं हात धुवा गं'ला वन्समोअर मिळाला. मी सरांकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही.

निकालात आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षक म्हणाल्या, "गायन फार उंच गेलं, चाल परिचित वाटली, वादन ठणठणीत." मी मंचावरून उतरले तेव्हा सर एका खांबाकडे पाहत होते.

मग प्रमाणपत्रं. टेबलामागच्या गृहस्थांनी पूर्ण नाव विचारून लिहिलं आणि मला माझं दिलं. वादकांची प्रमाणपत्रं आधीच छापून आली होती. नावाची जागा रिकामी, पण त्याच्या आधीचा शब्द छापील. 'कुमार', आणि पुढे पेनानं, 'दुर्गेश्वरी टेकचंद कापगते'.

"हे चुकलं आहे," मी म्हटलं.

"वादकांचं असंच छापून येते."

"मी कुमार नाही."

"दिसून राहिलं ना मले. दुरुस्ती पाहिजे तं शाळेमार्फत अर्ज करा. दोन महिन्यात होते."

अर्ज! मी टेबलावरचा त्यांचाच पेन उचलला. 'कुमार'च्या शेवटच्या 'र'ला एक वेलांटी दिली. दुसरी, दीर्घ, डोक्यापासून पायापर्यंत. एका रेघेचं काम होतं, महिनाभर उगाच पत्रं फिरली.

"ओ ओ ओ!" गृहस्थ उभे राहिले. "असं कसं? छापील कागदावर खाडाखोड चालत नाही. हे प्रमाणपत्र रद्द!"

"रद्द कसं? खोडलं कुठं मी? जोडलं."

"मुख्याध्यापक कोण आहेत तुमचे?"

ईश्वरदास सर माझ्या मागेच उभे होते. किती वेळ, माहीत नाही. त्यांनी माझ्या हातातून प्रमाणपत्र घेतलं, चष्मा लावला आणि निबंध तपासताना धरतात तसं ते डोळ्यांजवळ धरलं. त्यांनी वेलांटी पाहिली. वरून पाहिली, खालून पाहिली.

"दीर्घ आहे. बरोबर आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून स्वतःचा पेन काढला. लाल नाही, निळा. "दुरुस्ती केली की बाजूला सही लागते," मला म्हणाले, "नाहीतर ग्राह्य धरत नाहीत." प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं वाचून काढलं आणि वेलांटीच्या शेजारी सही केली. तारीख टाकली. आणि शाई पसरू नये म्हणून त्या गृहस्थांच्या डोळ्यांदेखत सावकाश फुंकर मारली.